आधी वाट पाहा, मग जमीन

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरातल्या कुटुंबांनी गाई पाळण्यासाठी पहिल्यांदाच शेतजमीन घेतल्याच्या हकीकती आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचल्या. वासराला चाटणारी गाय, सारवलेलं अंगण, पितळेची चरवी. वाचून बरं वाटलं, कारण आम्हीही त्याच मार्गाने गेलो आहोत. पण एकाही हकीकतीत हे सापडलं नाही की त्या जमिनीपर्यंत श्रावणात पोचायचं कसं. हा एक प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे आमचं वर्ष वाया गेलं आणि पैसेही गेले. पत्र लांब झालं आहे. जागेसाठी कापावंच लागलं तर माझ्या घरचं कापा, रस्त्याचं राहू द्या.

मी रामबागेत राहते. २२ वर्षं घरून चक्का आणि श्रीखंड करून देते. पाडवा आणि दसऱ्याला आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते. दूध बंदीचं, म्हणजे महिन्याच्या हिशेबाने रोज घरी येणारं. दुधाची पारख मला फडक्यात टांगलेल्या दह्यावरून होते. रात्री दही बांधलं आणि सकाळी फडकं हाताला हलकं लागलं की समजावं, काल दुधात काहीतरी झालं. गेल्या काही वर्षांत ते वारंवार हलकं लागायला लागलं. आमचे बंदीवाले दादा प्रामाणिक आहेत, पण दूध त्यांच्याकडेच तीन हात फिरून येई.

सासूबाईंच्या काळात वाड्याच्या मागच्या अंगणात एक माळवी गाय होती. पांढरीशुभ्र, गळ्याशी करडी. दूध बेताचंच द्यायची, कारण माळवी ही मुळात बैलांसाठी नावाजलेली जात. पण तिच्या दुधाचा चक्का सासूबाई शेवटपर्यंत आठवायच्या. पुढे शहरातले गोठे बाहेर गेले. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं, त्यात त्याचाही वाटा आहे, आणि गल्लीबोळात दावणी असण्यापेक्षा ते चांगलंच झालं. आता गाय पाळायची तर गावाबाहेर जमीन हवी. यजमान निवृत्त झाले, वाड्याच्या जागी इमारत झाली, आमच्या वाट्याचे पैसे हाती आले, आणि आम्ही दोघांनी ठरवलं की हे पैसे गाईंसाठीच लावायचे.

पुण्याच्या नणंदेने पहिल्याच फोनवर विचारलं, "अगं, तुमच्या नावावर सातबारा कुठे आहे? शेतकरी नसताना जमीन कशी मिळेल?" महाराष्ट्रात आणि गुजरातेत ती अडचण येते, मध्यप्रदेशात येत नाही. इथे शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. सातबाऱ्याच्या जागी आपल्याकडे खसरा आणि बी-वन असतो, आणि सोबत ती ऋणपुस्तिका, जिला सगळा माळवा पावती म्हणतो. जमीन सहज घेता येते म्हणूनच इथे जास्त जपून घ्यावी लागते. दारावर अडवणारं कुणी नाही.

सुरुवात आम्हीही जाहिरात पाहूनच केली. १०,००० चौरस फुटांचे फार्महाऊसचे तुकडे, 'स्वतःची गाय, स्वतःचं दूध' असं वर लिहिलेलं. हे पाव एकराहूनही कमी. दुभती गाय दिवसाला २५ ते ३० किलो हिरवा चारा आणि ५-६ किलो भुसा खाते. चार गाईंना रोज क्विंटलभर हिरवा चारा लागला. बंगला, झाडं आणि गाडी वळवायची जागा सोडली की उरलेल्या जमिनीत एवढं पिकत नाही, सगळं विकत आणायचं. शिवाय कागद पाहिला तर वेगळा खसरा नाही, पुष्कळ जणांच्या सामायिक नावात आपलं एक नाव. आम्ही तिथून नमस्कार करून निघालो.

मग सांवेर तहसिलीतली जमीन पाहिली. आखातीज नुकतीच झाली होती. पाच बिघे, काळीभोर माती, विहिरीला पाणी, मधोमध जुना कडुनिंब. डांबरी रस्त्यापासून पाऊण किलोमीटर आत असेल, पण दलालाने गाडी थेट कडुनिंबाखाली नेऊन उभी केली. गहू निघालेला, शेतं मोकळी, जमीन टणक. यजमान खाली उतरून विहिरीत डोकावले आणि मला म्हणाले, "झालं आपलं काम." त्याच आठवड्यात एक लाख रुपये बयाना दिला. रजिस्ट्री दिवाळीच्या आत करायची ठरली.

जुलैच्या शेवटी गोठ्याची जागा आखायला गेलो. गाडी डांबरी रस्त्यावरच थांबली, कारण पुढे रस्ताच नव्हता. आम्ही ज्यावरून गेलो होतो तिथे गुडघ्याला लागेल एवढं सोयाबीन उभं होतं. शेताचे मालक बांधावरच भेटले. चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं की हा रस्ता कधी नव्हताच. उन्हाळ्यात शेत रिकामं असतं म्हणून सगळे त्यावरून जातात, तुम्हीही गेलात. ते खरंच बोलत होते, आणि त्यांचा यात काडीचाही दोष नव्हता. विकणारे स्वतः भावाच्या बांधावरून पायी जात. ट्रॅक्टर आत न्यायचा तो पेरणीआधी आणि काढणीनंतर, तोही भावाला विचारून. पीक घेणाऱ्याला तेवढं पुरतं.

मी त्या बांधावरून कडुनिंबापर्यंत चालत गेले. ज्यांनी माळव्याच्या काळ्या मातीत पाऊस झाल्यावर पाऊल टाकलं आहे त्यांना सांगायला नको. चप्पल तिथेच राहते, आणि अनवाणी चाललं तर प्रत्येक पावलाला चिखलाचा आणखी एक थर चढतो. पाऊण किलोमीटरला मला पाऊण तास लागला. डोक्यावर वीस लिटरची कॅन असती तर? तीही रोज, सकाळ-संध्याकाळ? धारेचं दूध गार केलं नाही तर पावसाळ्याच्या दमट हवेत तीन-चार तासांत नासायला लागतं. आणि अडलेल्या गाईजवळ डॉक्टरने पोचायचं कसं? माझा भाचा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाला. त्याने त्या रात्री फोनवर सांगितलं, "मावशी, भाद्रपदात मी एका गावी गाडी सडकेवर टाकून दोन किलोमीटर चिखल तुडवत गेलो होतो. पोचलो तेव्हा गाय जिवंत होती, वासरू गेलेलं. अर्धा तास आधी पोचलो असतो तर हाताने फिरवून काढलं असतं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

व्यवहार मोडला. दलालाने फोन उचलणं बंद केलं. गावातल्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून बयान्यातले निम्मे पैसे परत मिळवून दिले.

त्यानंतर महूच्या पलीकडे एक जमीन फार स्वस्त मिळत होती. ती एका आदिवासी कुटुंबाची होती. अशी जमीन बिगर आदिवासीला घेता येत नाही किंवा कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, तुमचं गाव कोणत्या क्षेत्रात येतं त्यावर ते ठरतं; भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ मध्ये ते आहे. मध्यस्थाने सुचवलं की तुमच्याकडे कामाला ठेवाल त्या आदिवासी गड्याच्या नावावर घ्या. असं सुचवणारे पुष्कळ भेटतात म्हणून हे मुद्दाम लिहिते. ज्याच्या हाती जमिनीचा शेवटचा तुकडा उरला आहे, त्याच्याकडून तो दुसऱ्याचं नाव पुढे करून काढून घ्यायचा आणि त्यावर गाईची पूजा करायची, हे माझ्या मनाला पटणारं नाही.

आता आमच्या जमिनीबद्दल. हातोदच्या पुढे देपालपूरच्या बाजूला सहा बिघे, म्हणजे साधारण दीड हेक्टर. भाव लिहीत नाही. सडकेपासून अर्धा किलोमीटर आत गेलं की तो बदलतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा बदलतो. विकणारे सत्तरीचे पटेलबा. मी गाईंसाठी घेते आहे म्हटल्यावर ते खाटेवरून उठले आणि म्हणाले, "बेन, गऊं तो साल में एक बार निकले, दूध रोज निकले. पेलां गेलो देखजो." म्हणजे आधी शेतात जायची वाट बघा. विकणाऱ्यानेच असं सांगावं! मग त्यांनी काठी टेकत मला सडकेपासून शेतापर्यंत पायी नेलं.

ती गाडीवाट सरकारी होती. तिला इकडे गोहा म्हणतात. नकाशात ती स्पष्ट दाखवलेली आहे, पण जमिनीवर दोन्ही बाजूंनी नांगर आत येत येत जेमतेम बैलगाडीपुरती उरली होती. आम्ही तहसिलीत अर्ज देऊन सीमांकन करून घेतलं. उभ्या पिकात सीमांकन होत नाही, म्हणून गहू निघेपर्यंत थांबलो. नंतर पूर्ण पावसाळा थांबलो. त्या चार महिन्यांत मी सहा वेळा तिथे गेले, दोनदा मुसळधार पावसाच्या दुसऱ्याच दिवशी. नाला कुठे फुगतो, गोह्यावर पाणी किती वेळ साचतं, शेजारच्या शेतातलं फवारणीचं पाणी कोणत्या उतारावरून येतं, हे मे महिन्यात दिसलं नसतं. सोयाबीनवर औषध मारलं की त्या बांधाचं गवत जनावराला घालायचं नसतं. आमचा पूर्वेचा बांध अशा कामाचा नाही, हे मला ऑगस्टमध्ये कळलं.

कागदांबद्दल मोजकंच सांगते, कारण ते काम वकिलाचं आहे आणि वकील चांगला पाहावाच. तरी खसऱ्याचा बारावा रकाना, कैफियतीचा, स्वतः वाचावा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथे दिसतो. जमीन सरकारी पट्ट्याची असेल आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नसेल, तर तेही तिथेच लिहिलेलं असतं. खात्यात बहिणींची नावं आहेत का पाहावं. पटेलबांच्या दोन्ही बहिणी हयात आहेत, एक बडनगरला आणि एक धारजवळ. दोघींना आणून त्यांच्या सह्या घेतल्या, आणि त्यांचा वाटा त्यांच्या हातात पडला हे मी डोळ्यांनी पाहिलं. वकिलाने जाहीर सूचना शहरातल्या वर्तमानपत्रात छापली. पण ती गावात कोण वाचणार? म्हणून तीच सूचना आम्ही गावात देवळाच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवली. शेजारच्या एका शेतकऱ्याने तिथेच सांगितलं की विहिरीच्या पाण्यावर त्यांची वर्षातून चार पाळ्यांची वहिवाट आहे. आम्ही ती मान्य केली आणि रजिस्ट्रीत लिहून घेतली. पुढची कितीतरी भांडणं त्या ओट्यावरच मिटली. अशा वहिवाटी वाजिब-उल-अर्ज नावाच्या गावाच्या दप्तरात नोंदलेल्या असतात. तो मागून घेऊन वाचायला हवा. वाटेवरून वाद झालाच, तर संहितेच्या कलम १३१ खाली तहसीलदार जागेवर चौकशी करून, आधीची वहिवाट आणि सगळ्यांची सोय पाहून निर्णय देतात. शेतात जायची वाट, चराऊ जमिनीकडे जायची वाट आणि पाण्याचा मार्ग, तिन्ही त्यात येतात. पण 'आधीची वहिवाट' हे शब्द लक्षात ठेवा. सांवेरच्या आमच्या प्रकरणात तीच नव्हती.

रजिस्ट्री २०२४ च्या फेब्रुवारीत झाली, माझ्या नावावर. स्त्रीच्या नावे केली की नोंदणी शुल्कात सवलत मिळते. नामांतरण होऊन खसऱ्यात नाव चढलं, तेव्हाच मी पेढे वाटले.

मातीचं सांगायलाच हवं, कारण इथे शेतकऱ्याची नजर आणि गाईवाल्याची नजर वेगळी असते. आमच्या सहा बिघ्यांतला एक बिघा बरडी आहे, मुरमाड आणि उंचावर. पटेलबा तो जवळजवळ फुकट द्यायला तयार होते, त्यावर काही पिकत नाही म्हणून. माझ्या भाच्याने तोच तुकडा आधी पाहिला आणि म्हणाला, "मावशी, गोठा इथे." काळ्या मातीत पाऊसभर गाय उभी राहिली की खुरं सडतात, कास सतत चिखलात राहिली की कासदाह होतो. काळी माती पावसाने फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, भिंतींना तडे जातात, कुंपणाचे खांब कलतात. मुरमावर यातलं काही होत नाही. गोठा पूर्व-पश्चिम लांब बांधला, म्हणजे ऊन आत कमी येतं. दर गाईला छताखाली सुमारे ४० चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा धरली. खालच्या काळ्या जमिनीत चाऱ्यासाठी नेपियर आणि कार्तिकात बरसीम. सगळीच काळी जमीन महाग म्हणून चांगली समजू नका, थोडी बरडी मागून घ्या.

पाणी मात्र मे महिन्यातच पाहावं. आम्ही दोन्ही वर्षी मेच्या अखेरीला विहिरीत दोरी सोडून मोजलं. एक दुभती गाय पिण्याचं पाणीच उन्हाळ्यात ७०-८० लिटर पिते; धुणं आणि बरसीम वेगळं. विजेचंही विचारून घ्या. शेतीच्या पंपाच्या लाइनला दिवसाला दहा तास वीज मिळते, तीही पाळीने, पुष्कळदा रात्री. गोठ्याला, दूध गार करायला ती पुरत नाही. जवळून घरगुती लाइन जाते का ते आधी पाहा, खांब ओढायचा खर्च मोठा असतो.

जनावरं आम्ही सगळ्यात शेवटी आणली, २०२४ च्या कार्तिकात. दोन गीर, दोन माळवी. माळवीचा हट्ट माझा, सासूबाईंसाठी. आणण्याआधी भाच्याने रक्त तपासून घेतलं, कारण ब्रुसेलोसिस गाईकडून माणसालाही होतो. लाळ्या-खुरकत आणि घटसर्पाच्या लसी वेळच्या वेळी दिल्या जातात. एक चूक होता होता राहिली. पुढच्या पावसाळ्यात पावसाने ओढ दिली होती, शेजाऱ्यांची कोवळी ज्वारी सुकायला लागली होती आणि ते प्रेमाने एक भारा देत होते. भाऊबीजेला आलेल्या माझ्या खानदेशातल्या भावाने मागे सांगितलेलं आठवलं म्हणून मी हात आखडला. कोवळ्या, ताणात सापडलेल्या ज्वारीने गाईला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि तास-दोन तासांत जनावर हातचं जातं. ज्यांच्या घरात दोन पिढ्या गाय नव्हती त्यांना हा शब्दही माहीत नसतो.

आता विनंती. आपल्या पानांवर शेतजमिनीच्या जाहिराती येतात. त्यांच्या शेजारी पावसाळ्याआधी एकदा, खसरा, नकाशा आणि वाजिब-उल-अर्ज कसा वाचावा, हे सोप्या मराठीत छापावं. आमच्यासारख्या कितीतरी घरांत पैसे मराठी माणसाचे असतात आणि कागद हिंदीतल्या महसुली शब्दांत, त्यामुळे वाचण्याचं काम दलालावर सोडलं जातं. आणि ज्यांच्या पूर्वजांच्या जमिनी अजून देपालपूर, सांवेर, महूकडे आहेत अशा वाचकांना हात जोडून सांगणं आहे: शहरातल्या कुणाला तुकडा विकाल, तर जायचा रस्ता मोजून रजिस्ट्रीत लिहून द्या. पटेलबांनी दिला, साडेचौदा फूट.

या वर्षी आम्ही पाच घरांनी मिळून त्या गोह्यावर ४० ट्रॉल्या मुरूम टाकला. खर्च सारखा वाटून घेतला, मजुरी ज्याची त्याने केली. सकाळी सव्वासहाला दुधाची गाडी आता थेट गोठ्यापर्यंत येते, आणि वाटेत ती आणखी दोघांचं दूध घेते. त्यांनी मागच्या वर्षापर्यंत म्हैस फक्त घरापुरतीच ठेवली होती. माझ्या फडक्यातला चक्का पुन्हा हाताला जड लागतो.

जमीन घ्यायच्या विचारात असलेल्या कुणाला पाहायला यायचं असेल, तर आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी सोबत चालेन. फक्त उन्हाळ्यात नको. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी या.

आपली नम्र,
एक जुनी वाचक
रामबाग, इंदूर